दीड वळसा

"बाई, राग मानू नका, पण तुमचा ह चुकलाय."

मुलीच्या लग्नाची पत्रिका लिहून घ्यायला आलेले ते गृहस्थ कापडाचे व्यापारी होते. अक्षराशी त्यांचा संबंध गठ्ठ्यावर मारायच्या शिक्क्यापुरता. तरी त्यांनी खिशातून दुसऱ्याच कोणाची तरी छापील पत्रिका काढली, थोरलीने हाताने लिहिलेल्या नमुन्याशेजारी ठेवली आणि 'विवाह' या शब्दातल्या शेवटच्या अक्षरावर बोट आपटलं. "हे बघा. शेपटी कशी झोकात बाहेर येते. तुमची आतल्या आत विझते. अर्धवट वाटतं हो."

थोरलीला तेव्हा लग्नपत्रिका, मानपत्रं, पदव्या आणि शोकपत्रं लिहिता लिहिता चाळीसहून जास्त वर्षं झाली होती. या माणसाला दोन शब्द सुनवावेत असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण सुनवायचं काय? तो छापील ह तिच्याच हातचा होता. आणि तो चुकीचा होता, हेही जगात फक्त तिलाच ठाऊक होतं, कारण तिनेच तो चुकवला होता, तोही ठरवून. ती म्हणाली, "करून देते. दोन दिवसांनी या."

ही गोष्ट सात वर्षांपूर्वीची. त्या दिवशी तिने गिऱ्हाइकासाठी पहिल्यांदा तो खोटा ह लिहिला. तो मुळात आला कुठून, हे सांगायला अजून मागे जावं लागेल, तिच्या वडिलांपर्यंत.

बाबा मानपत्रं लिहायचे. गावात कोणी मोठा माणूस निवृत्त झाला, कोणाचा सत्कार ठरला, कुठली इमारत उघडायची झाली, की जाड कागदाची गुंडाळी बगलेत मारून माणसं बाबांच्या दारात. सत्कारमूर्ती कितीही सुमार असो, बाबांच्या अक्षरात तिची कर्तबगारी खरी वाटायची. "आम्ही खोटं लिहीत नाही," बाबा म्हणायचे. "खोटं ते सांगतात. आम्ही फक्त वळणदार लिहितो."

त्यांच्यापाशी एक वही होती, कित्त्याची. एका पानावर एक अक्षर, तळहाताएवढं. टाक कुठून निघायचा, कुठे दाबायचा, कुठे उचलायचा, त्याचे बारीक बाण. आणि श्वास कुठे घ्यायचा तिथे लाल ठिपका. शिकणाऱ्याने त्या अक्षरावरून कोरडा टाक फिरवायचा, शंभर वेळा, दोनशे वेळा. हाताला वाट पाठ झाली की मग वेगळ्या कागदावर शाई. तो कागद बाबा बघायचे आणि तळाशी लाल शाईने एकच शब्द लिहायचे: 'पुन्हा'. 'छान' हा शब्द त्यांच्या लाल दौतीत नव्हताच. ज्या दिवशी त्यांनी तळाशी काहीच लिहिलं नाही, त्या दिवशी पोरांनी घर डोक्यावर घ्यायचं.

पोरं म्हणजे दोनच. थोरली आणि धाकटा. धाकट्याचा हात म्हणजे आनंदीआनंद. टाक धरला की निब तरी मोडायची, नाहीतर शाईची तळी तरी साचायची. थोरली मात्र सातव्या वर्षी गिरवायला बसली आणि बाराव्या वर्षी बाबांच्या मानपत्रातल्या मधल्या ओळी लिहायला लागली. कुठली ओळ बाबांची आणि कुठली हिची, हे कोणाला ओळखता यायचं नाही. अडलं होतं फक्त ह पाशी. ह ची शेपटी पोटाखालून निघते, एक वळसा घेते आणि आतच थांबते, अशी की रेघ कुठे संपली ते डोळ्याला सापडू नये. त्यासाठी टाक उचलायचा क्षण बरोबर साधावा लागतो. थोरली वर्षभर तो गिरवत होती. "घरी आलेल्या माणसाने आत येऊन बसावं," बाबा सांगायचे. "खिडकीतून डोकं काढून, रस्त्यावरचे आपल्याकडे बघतायत का ते पाहू नये." वर्षाने एका दुपारी बाबांनी तिचा कागद पाहिला आणि लाल टाक उचललाच नाही. तेव्हापासून त्या घरात ह दोनच माणसांना येत होता.

मग बाबांना झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली, चार शब्द बोलायचे तर दोन गिळायचे. धाकट्याने त्यांना आपल्या घरी नेलं. बाबांचं लिहिण्याचं वर्कशॉप रिकामं करायचं ठरलं, त्या दिवशी बाबा खुर्चीत बसून डाव्या हाताने वाटणी करत होते. टाकांची पेटी थोरलीला. शाया, दौती, तिरपं टेबल थोरलीला. आणि वही?

"वही... घरात राहू दे," बाबा म्हणाले आणि धाकट्याकडे सरकवली.

घरात! म्हणजे थोरली घरातली नव्हे. तिने चाळीस वर्षं त्या घराचं अक्षर चालवलं, लग्न केलं नाही की वेगळा धंदा धरला नाही, आणि वही कोणाला, तर ज्याला सरळ रेघ ओढता येत नाही त्याला! का, तर तो मुलगा. थोरलीला पेटी उचलवेना. पण बोलली नाही. बोलायची सवय त्या घरात कोणालाच नव्हती.

दोन वर्षं गेली. धाकटा एव्हाना एका छापखान्यात कॉम्प्युटरवर अक्षरं बसवण्याच्या कामात बऱ्यापैकी वर चढला होता. टाक त्याच्या हातात टिकला नाही, पण माऊस टिकला. एक दिवस तो थोरलीकडे आला. चष्म्याच्या दुकानावरची तिची खोली, खिडकीशी बाबांचं तिरपं टेबल. त्या टेबलाच्या कडेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, बाबांच्या अक्षराचा फॉन्ट करायचाय. पत्रिका, मानपत्रं, असल्या कामांसाठी. वहीवरून होत नाही गं, बाण आहेत, ठिपके आहेत, गिरवून गिरवून पानं खरवडलीत. नव्याने लिहायला हवं सगळं. आणि तुझ्याशिवाय कोण लिहिणार?"

वही ठेवून घेताना ताई आठवली नव्हती. थोरली म्हणाली, "ठेव कागद. लिहिते."

तीन आठवडे ती रोज सकाळी त्या कामाला बसली. प्रत्येक अक्षर सहा-सहा वेळा, जोडाक्षरं वेगळी, आकडे वेगळे. सगळं इमानाने लिहिलं, कारण हाताला बेइमानी ठाऊकच नव्हती. ह शेवटी ठेवला होता. पहिला ह लिहिला, खरा, आत येऊन बसणारा. त्याच्याकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग तो कागद तिने फाडला. नवा घेतला. शेपटीने पहिला वळसा घेतला, तिथे थांबायचं सोडून अर्धा वळसा आणखी घेतला, पोटाखालून डावीकडे बाहेर आली आणि टोकाला एक जाड थेंब सोडला. नाटकातल्या राजाच्या मिशीसारखा. असे सहा ह तिने लिहिले, आणि लिहिताना तिला जी मजा आली तिची लाज तिला पुढे अनेक वर्षं वाटत राहिली.

तिचा हिशोब सोपा होता. फॉन्ट बाजारात जाईल, अक्षरातले चार जाणकार तो ह बघतील आणि हसतील. म्हणतील, वही मुलाकडे राहिली पण अक्षर काही राहिलं नाही. आणि खरा ह? तो थोरलीच्या हातात. कोणाला हवा असेल तर तिच्या दारात यावं लागेल. वही तुझी ना? मग ह माझा.

धाकट्याने कागद उलटसुलट करून पाहिले. ह पाशी जरा थांबला. "वा," म्हणाला. एवढंच. डोळाच नाही मेल्याला, थोरलीच्या मनात आलं.

फॉन्टचा पहिला नमुना छापून आला, तेव्हा धाकट्याने हौसेने थोरलीलाही घरी बोलावलं. बाबा खिडकीशी खुर्चीत. धाकट्याने मोठा कागद त्यांच्या मांडीवर पसरला. बाबा एकेक ओळ बघत खाली येत होते. थोरली दाराला टेकून उभी होती. धाकटा फसेल, चार जाणकार फसतील, पण हा म्हातारा कसा फसावा?

बाबांचं डावं बोट ह वर आलं. शेपटीवरून हळूहळू फिरलं. एक वळसा झाला, तिथे थांबलं. पुढे जाईना. मग त्यांनी मान वर करून सरळ थोरलीकडे पाहिलं. किती वेळ ते तिला पुढे कधीच सांगता आलं नाही.

"काय बाबा? जमलाय ना?" धाकट्याने विचारलं.

बाबांनी मान हलवली. हो म्हणून.

थोरली त्या दिवशी चहाला थांबली नाही. त्यानंतर दोन महिने बाबा होते आणि त्या दोन महिन्यांत ती फक्त दोनदा गेली. दोन्ही वेळा पलंगाच्या कडेवर बसली, जाताना त्यांचा हात हातात घ्यायला वाकली. आणि दोन्ही वेळा बाबांनी डावा हात शालीखाली ओढून घेतला. तिला जे समजायचं ते ती समजली. ज्या हाताने चोरी केली त्या हाताला ते शिवणार नव्हते. तिसऱ्यांदा जायचं तिला धाडस झालं नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता धाकट्याचाच फोन आला की बाबा गेले.

महिन्याभराने त्याचा पुन्हा फोन. "ताई, ती वही घेऊन जा ना. तुझ्याकडेच असू दे."

"तुझी वही तुलाच लखलाभ," म्हणून तिने फोन ठेवला. तो विषय नंतर दोघांनीही काढला नाही.

आणि फॉन्ट चालला! नुसता चालला नाही, सुसाट सुटला. धाकट्याने त्याला नाव दिलं होतं 'थोरली'. भावाने बहिणीला मान दिला, असं सगळे म्हणाले; तिला वाटलं, वही ठेवून घेऊन वर तुकडा फेकला. 'थोरलीत छापा' हा छापखान्यांतला नेहमीचा शब्द झाला. लग्नाच्या पत्रिका थोरलीत, बँकेची अभिनंदनपत्रं थोरलीत, दागिन्यांच्या दुकानाची पाटी थोरलीत, शाळेची बक्षिसं थोरलीत. शोकपत्रंसुद्धा. आणि लोकांना सगळ्यांत काय आवडलं असेल? ह. 'हार्दिक' मधला ह, 'सहर्ष' मधला, 'विवाह' मधला. काय डौल, काय झोक! ते चार जाणकार, जे हसायचे होते, त्यांतल्या एकाने तर लेख लिहून त्या दीड वळशाचं कौतुक केलं. सुलेखनाच्या वर्गांत पोरं तो गिरवायला लागली. तिने ज्याला दगड म्हणून फेकलं त्याला लोकांनी शेंदूर फासला.

मग तो कापडाचा व्यापारी आला. त्याच्यामागून दुसरे आले. हाताने लिहून हवंय, पण फॉन्टसारखं हवंय. फॉन्टसारखं हवंय, पण हाताने लिहिलेलं वाटायला हवंय. एकीने तर जाताना समजावलं, "तुम्ही जुन्या वळणाच्या ना बाई, म्हणून. थोरली बघून जरा सराव करा." थोरली 'बरं' म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

पोटासाठी दिवसभर दीड वळसा आणि रोज सकाळी, आंघोळ झाल्याबरोबर, कोऱ्या कागदावर दहा खरे ह, असा तिने नेम केला. तीन वर्षं पाळला. मग दहाचे पाच झाले. मग एका हिवाळ्यात बोटं आखडली म्हणून महिनाभर राहिला, आणि पुढे 'आपल्याला येतो तो, कुठे जातोय' असं म्हणत राहूनच गेला.

या वर्षी नगरभवनातून एक कारकून आला. नगरभवनाच्या मोठ्या दालनात एक मानपत्र लावलेलं होतं, इमारत उघडली त्या वेळचं, बाबांच्या ऐन उमेदीतलं. छत गळून तळाच्या दोन ओळी धुऊन गेल्या होत्या. कागद साफ करून, दाबून ठेवला होता. "तेवढ्या दोन ओळी वरच्यासारख्याच लिहून हव्यात," कारकून म्हणाला. "तुम्ही त्यांच्या कन्या, असं कळलं."

ओळी त्याने वाचून दाखवल्या. 'आपला उत्साह व आपला निग्रह पुढील पिढ्यांस...' थोरलीने एक ऐकला, दोन ऐकले. दोन ह.

कारकून गेल्यावर ती खोलीत नुसती येरझारा घालत राहिली. आठ वर्षांनी कोणीतरी तिच्याकडे खरा ह मागत होतं. आणि तोही कुठे? बाबांच्या कागदावर, बाबांच्या ओळींखाली, भिंतीवर, जिथे रोज शेकडो माणसं मान वर करून बघतात. बाबांसमोर जे कबूल करता आलं नाही, ते त्यांच्याच कागदावर फेडता येईल. दोन ह, बस. मग जगाने हवा तेवढा दीड वळसा नाचवावा.

तिने बाबांच्या पेटीतला टाक काढला, निब पुसली, कागद लावला आणि 'उत्साह' लिहिला. शेपटी निघाली, एक वळसा घेतला, अर्धा आणखी घेतला, डावीकडे बाहेर आली आणि टोकाला थेंब टाकून थांबली.

थोरली हसली. सवय. दुसरा लिहिला. तोच. तिसरा लिहिताना तिने दात आवळून हात अडवला, तर शेपटी कात्रीने कापल्यासारखी तुटली. रेघ थांबते ती वेगळी आणि थांबवली जाते ती वेगळी. हे सातव्या वर्षापासून गिरवणाऱ्या माणसाला कोणी सांगावं लागत नाही. हळू लिहून पाहिलं, तर रेघ थरथरली. ते लिहिणं नव्हे, चित्र काढणं झालं. तो ह कसा दिसतो हे ती डोळे मिटून सांगू शकत होती. हाताला मात्र तो आठवत नव्हता.

चार दिवसांत दोन रीम कागद संपला. तिला खरोखर भीती वाटायला लागली. तो ह आता जगात फक्त तिच्यात होता, आणि तिच्यातही नव्हता.

एकच उपाय उरला होता. ती वही. त्या पानावरून कोरडा टाक पुन्हा फिरवायचा, बाण, ठिपके, श्वास, सगळं सातव्या वर्षासारखं, शंभर वेळा, हजार वेळा. हाताला वाट तिथेच सापडली होती, तिथेच पुन्हा सापडेल. लखलाभ म्हणून ठेवलेला फोन तिने उचलला.

"वही? आहे की," धाकटा म्हणाला. "ये ना ताई. किती दिवस झाले तुला येऊन."

धाकट्याचे केस पिकले होते. भावजयीने चहा ठेवला, चौकशी केली आणि दोघांना बोलू द्यावं म्हणून आत गेली. धाकट्याने कपाटातून कापडात गुंडाळलेली वही काढून थोरलीपुढे ठेवली. तिने कापड सोडलं. अ, आ, इ. पानं उलटताना तिची बोटं आपोआप त्या खरवडलेल्या वाटांवरून जात होती. स आला. ह चं पान आलं.

पानावर ह नव्हता. म्हणजे होता, कुठेतरी तळाशी. त्याच्यावर काळ्या शाईने, थरथरत्या, वेड्यावाकड्या रेघांनी कोणीतरी दुसरा ह काढला होता, एकावर एक, वीस, पंचवीस, किती कोण जाणे. बाण झाकले गेले होते, लाल ठिपके शाईत बुडाले होते. आणि प्रत्येक ह ची शेपटी पहिल्या वळशाला अडखळून, धडपडून, कशीबशी अर्धा वळसा आणखी घेऊन डावीकडे बाहेर आली होती.

तिने पान उलटलं. मागची सगळी कोरी पानं भरली होती. ह, ह, ह. दीड वळशाचा. लहान पोराने काढावा तसा. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी लाल शाईने, तितक्याच वाकड्या हाताने, एकेक शब्द: 'पुन्हा'. 'पुन्हा'. 'पुन्हा'.

"हे कोणी केलं?" तिने विचारलं. कोणी केलं हे तिला दिसत होतं.

"तुला ठाऊक नव्हतं?" धाकटा म्हणाला. "अगं, नमुना दाखवला ना तुझ्यासमोर, त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाबांनी वही मागितली. टाक मागितला. डाव्या हाताने बसले गिरवत. मला आधी वाटलं, चूक काढतायत तुझी. कारण मलाही ह वेगळा वाटला होता, पण मी कोण तुला सांगणार? मी विचारलं, 'बाबा, चुकलाय का?' तर म्हणाले..." धाकटा थांबला. त्याला बाबांचं ते अर्धं गिळलेलं बोलणं जसंच्या तसं आठवत असावं. "म्हणाले, 'माझा आत बसून राहिला रे. जन्मभर आत. तिचा उठून बाहेर आला.' रोज तेच. जेवायला उठायचे नाहीत. तुझ्या शेपटीच्या शेवटी तो थेंब कसा पडतो, तेच त्यांना उमगत नव्हतं."

थोरलीने आणखी एक पान उलटलं.

"तू यायचीस तेव्हा हात शालीखाली लपवायचे. शाईने बरबटलेला असायचा ना. मला सांगून ठेवलं होतं, तिला सांगू नकोस, अजून 'पुन्हा'च आहे. जमला की दाखवीन." त्याने चष्मा काढून पुसला. "जाण्याआधी चार दिवस म्हणाले, वही चुकीच्या हातात दिली मी, तिला दे. म्हणून तर तुला फोन केला होता. तू लखलाभ म्हणालीस. मला वाटलं, तुला राग आलाय, शांत झालीस की देऊ. मग राहूनच गेलं."

आतून भांड्यांचा आवाज येत होता. थोरलीच्या मांडीवर वही उघडी होती. चाळीस वर्षं ज्याने दुसऱ्यांना 'पुन्हा' लिहिलं, तो माणूस शेवटचे दोन महिने तिच्या द्वेषाचा कित्ता गिरवत होता. आणि ती त्याच्या शालीखालच्या हाताला घाबरून घरी बसली होती.

"एक विचारायला सांगितलं होतं त्यांनी," धाकटा म्हणाला. "तेही राहिलं. तो ह तुला सुचला कुठून?"

आता सांगता आलं असतं. तुझं हसं व्हावं म्हणून, एवढे चारच शब्द होते. धाकटा इतक्या भाबडेपणाने तिच्याकडे बघत होता की तिला त्याचाही राग आला, आणि स्वतःची किळस आली.

"असाच," ती म्हणाली. "लिहिता लिहिता."

"मला वाटलंच," धाकटा म्हणाला. "बाबाही तेच म्हणायचे."

वही त्याने कापडात गुंडाळून तिच्या हातात दिली. या वेळी तिने घेतली. नाही म्हणायला तोंड कुठे होतं?

ठरल्या दिवशी सकाळी ती नगरभवनात गेली. मागच्या बाजूच्या खोलीत लांब टेबलावर मानपत्र पसरून ठेवलं होतं, कोपऱ्यांवर पितळी वजनं. बाबांच्या ओळी वरून खाली येत होत्या. त्यांत नऊ ह होते, तिने मोजले. नऊही आत येऊन बसलेले. ती वाकली, श्वास घेतला आणि लिहायला लागली. बाकीची अक्षरं बाबांची उतरली, तसूभर फरक नाही. 'उत्साह' चा ह आला तेव्हा तिने हात अडवला नाही. दीड वळसा. 'निग्रह' चा ह आला. दीड वळसा, टोकाला थेंब.

शाई वाळल्यावर कारकुनाने चष्मा लावून पाहणी केली. वर पाहिलं, खाली पाहिलं. खूश झाला.

"अप्रतिम हो बाई. खालचे ह तर काय देखणे आलेत! पण मग हे वरचे अर्धवट वाटतात आता. शेपट्या झिजल्या असतील, एवढी वर्षं झाली. आलाच आहात तर तेवढ्या पूर्ण करून देता? नऊच आहेत."

"नाही," थोरली म्हणाली. "वरचे बरोबर आहेत."

"मग खालचे काय, चुकीचे?" कारकून हसला.

"हो. खालचे चुकीचे आहेत. मी मुद्दाम चुकवला होता तो. आठ वर्षांपूर्वी. माझ्या भावाचं हसं व्हावं म्हणून."

तिने हे पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं होतं. तो आता काहीतरी म्हणेल, निदान चमकून बघेल, म्हणून ती वाट बघत राहिली.

कारकून मनापासून हसला. "तुम्ही कलाकार मंडळी म्हणजे ना! इतकं सुंदर काम करायचं आणि वर म्हणायचं चुकलं." त्याने फॉर्म पुढे ओढला, तारीख घातली, आणि शेऱ्याच्या रकान्यात ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'समाधानकारक'. मग पेन तिच्या हातात दिलं. "इथे सही करा."

थोरलीने तो शेरा वाचला, फॉर्मच्या तळाशी लाल शाईचा 'पुन्हा' शोधला आणि सही केली.